१.० टर्बो की १.५? नाशिककराला पिकअपचा फरक नेमका कुठे कळतो

तुम्ही विचारलंय: राहायला नाशिकमध्ये, घरात चौघं, सेडान घ्यायची ठरलीय. १.० लिटर टर्बो (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) आणि १.५ लिटर यांत गाडी अडलीय, आणि ‘पिकअपमध्ये खरंच एवढा फरक असतो, की नुसतीच शोरूमवाल्यांची बडबड?’

फरक असतो. पण तो मुंबई नाक्याच्या सिग्नलवर शोधायला गेलात तर सापडणार नाही. साठच्या पुढे सापडतो, चढावर वाढतो आणि गाडी माणसांनी-सामानाने भरली की सगळ्यात जास्त कळतो.

आधी ते ०-१०० प्रकरण, म्हणजे शून्यावरून ताशी शंभरला पोहोचायला किती सेकंद लागतात ते, बाजूला करू. ब्रोशरमध्ये आणि यूट्यूबवर सगळे त्याच आकड्यावर भांडतात. ह्युंदाईने व्हर्ना टर्बोसाठी ८.१ सेकंदांचा दावा केला होता, तो ऐकायला भारीच वाटतो. पण गाडीला वेग देण्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे शून्यापासून शंभरपर्यंत जायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यातली जेमतेम ३६ टक्के साठपर्यंत खर्च होते. उरलेली ६४ टक्के शेवटच्या चाळीसात जाते. सुरुवातीला पहिल्या गिअरमध्ये दोन्ही गाड्यांकडे चाकांना पुरून उरेल एवढी ओढ असते. जोरात दाबलं तर मोठ्या इंजिनाची पुढची चाकंच घसरतात. त्यामुळे कॉलेज रोडवर सिग्नल सुटल्यावर दीड लिटरवाला तुम्हाला मागे टाकून गेलाच, तर त्याचं कारण बहुतेक इंजिन नसून त्याची घाई असते.

दुसरं म्हणजे ‘१.५’ एवढंच सांगून काही कळत नाही. दीड लिटर दोन जातीचं येतं. होंडा सिटीचं १.५ बिनटर्बोचं आहे: १२१ पीएस पॉवर (एक पीएस म्हणजे जवळपास एक घोडा), १४५ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढ, आणि तो पूर्ण टॉर्क मिळतो ४३०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ४३०० फेरे मारायला लागल्यावर. फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हियाचं १.० टर्बो घ्या: ११५ पीएस, पण टॉर्क १७८ आणि तो १७५० पासूनच हजर. म्हणजे इंजिन एक तृतीयांशाने लहान, तरी रोजच्या चालवण्यात ओढ जास्त त्याचीच. सिटीला खेचावी लागते, गिअर पाडून आरपीएमची सुई वर न्यावी लागते, मग मात्र ती मस्त गाते. ज्यांना तसं चालवायला आवडतं त्यांच्यासाठी ते इंजिन सोनं आहे. माझ्या वडिलांसारखी माणसं दोन हजारांच्या वर सुई जाऊच देत नाहीत, त्यांना सिटी ‘मंद’ वाटेल आणि एक लिटर टर्बो ‘जोरदार’.

त्याच व्हर्टस-स्लाव्हियातलं १.५ टर्बो हा वेगळाच मामला. १५० पीएस, २५० न्यूटन मीटर. व्हर्नाचं १.५ टर्बो १६० पीएस, २५३ न्यूटन मीटर. तुमची तुलना यांच्याशी असेल तर पुढचं वाचा. बिनटर्बोच्या १.५ शी असेल तर पिकअपसाठी जास्त पैसे घालू नका.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी मुंबईवाल्यांना सांगावी लागत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर हवा पाच-सहा टक्के विरळ असते आणि बिनटर्बोचं इंजिन साधारण तेवढीच ताकद गमावतं. टर्बो जास्त हवा दाबून ती तूट बरीचशी भरून काढतो. हा फरक मोठा नाही, पण सापुताऱ्याला वर चढताना तो आणखी वाढतो.

आता मुख्य मुद्दा, चढ आणि ओव्हरटेक. आमच्या घरी एक लिटर टर्बो मॅन्युअल आहे, मेव्हण्याकडे त्याच गाडीची दीड लिटर. दोन्ही मी पेठ रोडने चालवल्यात. सावळघाटात पुढे गुजरातकडे निघालेला भरलेला ट्रक असतो, रस्ता दुपदरी, आणि वळणावळणांमध्ये सरळ तुकडा मिळतो तो हातभर. एक लिटरमध्ये तो तुकडा दिसायच्या आधीच तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं, टर्बो फिरता ठेवावा लागतो, आणि तुकडा दिसल्याबरोबर निर्णय घ्यावा लागतो. दीड लिटरमध्ये तिसऱ्यातच पाय दाबला की काम होतं, डोकं रस्त्याकडे ठेवता येतं. वेळेतला फरक सेकंदा-दीड सेकंदाचाच असेल. पण तुम्ही ऐंशीने आणि समोरचा ऐंशीने येत असेल तर एका सेकंदात दोघांमधलं अंतर ४४ मीटरने घटतं.

चढावर हा फरक का वाढतो, त्याचा हिशेब सोपा आहे. पाच टक्क्यांचा चढ धरा. तिथे गुरुत्वाकर्षण तुमच्या वेगातून दर सेकंदाला ताशी पावणेदोन किलोमीटर खातं, गाडी कुठलीही असो. समजा सपाटीवर एक गाडी दर सेकंदाला ताशी साडेचारने वेग वाढवते आणि दुसरी सातने. म्हणजे दुसरी दीडपटीपेक्षा थोडी जास्त तेज. चढावर पहिलीकडे उरतात पावणेतीन, दुसरीकडे सव्वापाच. तीच दुसरी आता जवळजवळ दुप्पट तेज झाली. कसाऱ्याहून वर येताना सपाटीवर चांगली वाटणारी गाडी एकदम बसल्यासारखी का वाटते, ते यात आलं.

वजनाचंही तसंच. डिझायरसारखी साडेनऊशे किलोच्या आसपासची गाडी एकट्याने चालवताना अगदी चपळ लागते. तिच्यात चार माणसं, वणीच्या गडावरून आणलेला प्रसाद, पिंपळगावहून घेतलेल्या द्राक्षांच्या पेट्या असं तीनशे किलो भरलं की वजन जवळपास एक तृतीयांशाने वाढलं. बाराशे-तेराशे किलोच्या सेडानला तेच ओझं तेवढं जाणवत नाही. त्यात उन्हाळ्यात एसी. कॉम्प्रेसर तीन-चार घोडे घेतो. ८२ पीएसच्या इंजिनाला ते खटकतात, १५० च्या इंजिनाला नाही.

लहान टर्बोचा खरा वीक पॉइंट गावातच आहे आणि तो कुणी सांगत नाही. गंगापूर रोडला स्पीडब्रेकरवर तुम्ही दुसऱ्यात गाडी हळू केलीत, सुई हजार-बाराशेवर आली आणि पुन्हा पाय दाबलात, की क्षणभर काहीच होत नाही. टर्बो फिरायला लागेपर्यंत तुमच्याकडे नुसतं तीन सिलिंडरचं एक लिटर इंजिन असतं. मग एकदम झटका. सवय झाली की आपण आपोआप पहिला टाकतो, पण पहिल्या महिन्यात मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न ऐकून घ्यावा लागतो. ऑटोमॅटिक घेतलीत तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ओढ पोचवणारा साधा ऑटोमॅटिक) हा खड्डा बराच झाकतो. व्हर्टस-स्लाव्हियात १.० ला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, १.५ ला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाला झटपट ऑटोमॅटिक. रेसिंगमध्ये डीएसजी भारी, द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये मला टॉर्क कन्व्हर्टर जास्त सुखाचा वाटतो.

जाता जाता, जुन्या डिझेल डिझायरची आठवण काढणारे तुम्हाला भेटतीलच. १.३ लिटर, ७५ पीएस, १९० न्यूटन मीटर. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, तरी ‘तसा पिकअप परत नाही’ म्हणणारे ड्रायव्हर आजही आहेत. त्यांचं अर्धं बरोबर आहे. दोन हजारांच्या पुढे ती गाडी मागून ढकलल्यासारखी निघायची. पण ती ओढ टॉर्कची होती. शंभरच्या पुढे लागते पॉवर, आणि तिथे तिला धाप लागायची.

समृद्धीवर हेच दिसतं. सपाट भागात कारला १२० ची मर्यादा आहे, आणि हवेला कापायला ८० पेक्षा १२० ला तिपटीहून जास्त ताकद लागते. भरवीरला चढून शिर्डीकडे निघालात तर एक लिटर टर्बो १२० ला आरामात जाते, तिथे राहतेही. फक्त १०० वरून १२० ला जाताना ती वेळ घेते, दीड लिटर घेत नाही. मर्यादा पाळणाऱ्याला वेगातल्या त्या शेवटच्या दहा-वीससाठी फार पैसे मोजायची गरज नाही.

एक गैरसमज: ‘छोटं इंजिन म्हणजे टॅक्स कमी’. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी मिळतो तो पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरच्या आत, दोन्ही अटी पाळणाऱ्या गाडीला. डिझायर त्यात बसते. चार मीटरपेक्षा लांब सेडानचं इंजिन एक लिटरचं असलं तरी तिला ४० टक्केच.

तुमचं फिरणं गाव आणि पुणे रोड एवढंच असेल तर १.० टर्बो घ्या. सिन्नर-संगमनेर बराचसा चौपदरी आहे, समोरून येणाऱ्याची धास्ती नाही, मोहदरी आणि चंदनापुरीचे घाट ती एक गिअर पाडून खाते. पण पेठ, जव्हार, सापुतारा, किंवा कांद्याच्या सीझनला लासलगाव, जिथे पुढे एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात, असे दुपदरी रस्ते दर आठवड्याला असतील आणि गाडीत चौघं बसणार असतील तर १.५ टर्बोचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमच्या भोवती एक चक्कर मारून घेऊ नका. घरचे सगळे बसवा, एसी लावा, पाथर्डी फाट्यावरून विल्होळीकडे हायवेला न्या आणि रस्ता मोकळा बघून तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून ऐंशी करून बघा. ऑटोमॅटिक असेल तर साठवर चालवत असताना पाय पूर्ण दाबा आणि गिअर पडायला किती वेळ लागतो ते पाहा. दोन्ही गाड्या त्याच दिवशी, त्याच रस्त्याला. सेल्समन ‘सर, हायवेला परवानगी नाही’ म्हणाला तर दुसऱ्या शोरूमला जा.