गव्हाला मानवणारी थंडी द्राक्षाला का सोसत नाही?

तुम्ही विचारलंय की नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा घसरला की एकीकडे 'रब्बीला पोषक थंडी' असं छापून येतं आणि शेजारीच द्राक्षबागेत शेकोट्या पेटवलेल्या शेतकऱ्यांचा फोटो असतो, मग यातलं खरं काय? आणि गोठ्यातल्या जनावरांना थंडीचा कितपत त्रास होतो?

मी निफाड तालुक्यातच शेती करतो. द्राक्षबाग आहे, थोडा गहू-हरभरा, उन्हाळ कांदा, दावणीला गायी आणि काही शेळ्या. त्यामुळे एकाच रात्रीचा सगळ्यांवर काय परिणाम झाला ते सकाळी एका चकरेत दिसतं. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. थंडी किती पडली यापेक्षा ती पडली तेव्हा पीक कोणत्या अवस्थेत होतं, यावर नफा-नुकसान ठरतं.

गव्हाचं सोपं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू डिसेंबरात फुटव्यावर येतो. तेव्हा गारवा मिळाला की फुटवे भरपूर निघतात. पुढे ओंबीत दाणा भरताना थंडी टिकली तर भरायला जास्त दिवस मिळतात आणि दाणा टपोरा होतो. फेब्रुवारीतच ऊन तापलं तर तोच दाणा चिमतो. कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे. निफाडच्या तापमानाचे जे आकडे तुम्ही वाचता ते बहुतेक तिथलेच. 2018 च्या डिसेंबरअखेर तिथे पारा 2 अंशांच्याही खाली गेला होता. त्या थंडीत गहू जोमात होता आणि द्राक्षवाल्यांची झोप उडाली होती.

हरभऱ्यालाही थंडी हवीच. पहाटे हरभऱ्याच्या शेतातून गेलात तर पायांना चुरचुरतं, कारण पानांवर आंब, म्हणजे झाडातून पाझरणारा आंबट द्रव, आलेली असते. जुनी माणसं रात्री पिकावर स्वच्छ धोतर किंवा पंचा पसरून ठेवत आणि सकाळी पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवत, पोटदुखीवर द्यायला. मात्र फुलोऱ्यात पारा फारच उतरला तर फुलं गळतात, घाटे धरत नाहीत.

आता द्राक्ष. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणी होते, म्हणजे ऐन थंडीत घड वाढीला लागलेले असतात. मणी फुगवणीच्या काळात रात्री पारा 8-10 अंशांच्या खाली राहू लागला की पांढऱ्या मुळीचं, म्हणजे अन्नपाणी ओढणाऱ्या कोवळ्या मुळांचं, काम मंदावतं. खत दिलं, जीए (मणी फुगवणारं जिबरेलिक ॲसिड) दिलं, तरी वेल उचलत नाही. मणी आहे तिथेच थांबतो आणि फुगवणीचे गेलेले दिवस परत मिळत नाहीत. लवकर छाटलेल्या बागांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मण्यात पाणी उतरायला लागलेलं असतं, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरत असतो, साल ताणलेली असते. रात्रीच्या गारठ्यात पानांवाटे पाणी बाहेर जाणं जवळपास थांबतं, ते मण्यात साठून दाब वाढतो आणि साल तडकते. सकाळी मांडवाखाली वाकून घड हातात घेतला की देठाजवळ केसाएवढी चीर दिसते. दुपारपर्यंत त्यातून रस पाझरतो, त्यावर माश्या बसतात आणि दोन दिवसांत शेजारचे मणीही सडायला लागतात. अख्खा घड कात्रीने साफ करत बसावं लागतं आणि मजुरी अंगावर येते.

दुसरं दुखणं गुलाबी मण्याचं. दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाका, असं अंतर वाढलं की थॉमसन या हिरव्या, बिनबियांच्या द्राक्षाच्या मण्यावर गुलाबी छटा येते. चव बिघडत नाही, पण युरोपला जाणाऱ्या मालात एकसारखा रंग लागतो, म्हणून असा घड बाजूला काढला जातो आणि स्थानिक बाजारात पडेल भावाने जातो. हे टाळायला पाणी उतरण्याआधीच एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. एकरभर बागेत हे काम किती बायाबापड्यांच्या हातून जातं याचा द्राक्ष खाताना विचार व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

शेकोट्यांचं म्हणाल तर आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब झपाट्याने वर निघून जाते. ओला पाला, भुसकट जाळून धूर केला की त्याचा थर बागेवर अडून राहतो आणि ऊब थोडी रोखली जाते. नाल्याकाठच्या सखल बागेत थंड हवा उतरून साचते, तिथे याची गरज जास्त. तरी माझा भरवसा पाण्यावर अधिक आहे. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं. पहाटे ते बागेत सोडलं की मुळाजवळची माती निवत नाही. त्यासाठी पहाटे वीज असावी लागते. रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात आम्ही कानटोपी-घोंगडी घेऊन मोटारीपाशीच असतो.

कांद्याला साधारण गारवा चालतो, पण रोप वयात आल्यावर थंडी लांबली तर डेंगळे येतात. म्हणजे झाड बियाण्याच्या मागे लागतं आणि कांदा पोसत नाही. रांगड्या कांद्यात (खरीप आणि उन्हाळ यांच्या मधल्या हंगामातल्या) हे जास्त दिसतं. जळगावकडे रावेर-यावलला केळीचे हाल होतात. पारा 10 अंशांच्या खाली राहिला की पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, कधी घड पोग्यातच, म्हणजे झाडाच्या शेंड्यातच, अडकतो. कोकणात हापूसला मोहोर यायला थंडी लागते, पण फळ धरल्यावर पुन्हा कडाका आला तर झाड पुन्हा मोहोरतं आणि आधीची कणी-सुपारीएवढी फळं गळून जातात.

जनावरांबद्दल शहरात एक गैरसमज दिसतो, की गायींना थंडीचा फार त्रास होतो. मोठ्या एचएफ (होल्स्टीन, संकरित दुधाळ) गायीला आपल्याकडची थंडी बाधत नाही, तिचे खरे हाल एप्रिल-मे मध्ये होतात. उलट हिवाळ्यात दुधाची फॅट चढते. दूध कमी होतं ते बहुधा पाण्यामुळे. टाकीतलं रात्रभर गारठलेलं पाणी गाय पुरेसं पीत नाही. सकाळी मोटार चालू करून ताजं पाणी पाजलं की फरक कळतो. कडबा थोडा वाढवायचा, कारण सुका चारा पचताना अंगात ऊब तयार होते. आणि दव पडलेला लसूणघास पहाटे कापून लगेच टाकायचा नाही. उपाशी पोटी तो भराभर खाल्ला की पोटफुगी होते, आणि डावी कूस ढोलासारखी ताठली तर डॉक्टर येईपर्यंतचा वेळही पुरत नाही. ऊन चढल्यावर कापा, सुकवून द्या, आधी कडबा घाला.

खरी जोखीम लहानग्यांना. रात्री व्यालेल्या गायीचं वासरू गोणपाटाने खसाखसा पुसून कोरडं करणं आणि पहिल्या तासात चीक पाजणं, ही दोन कामं चुकली तर थंडी त्याला सोडत नाही. करडांना डालग्याखाली झाकतात, वाऱ्याच्या बाजूला बारदान लावतात. खाली ओल राहिली तर त्या बारदानाचा उपयोग नाही, ओल्या जमिनीवर बसलेलं करडू दोन दिवसांत खोकायला लागतं. पोल्ट्रीत पहिल्या आठवड्यात पिलांना 32 ते 35 अंशांची ऊब लागते. ती कमी पडली की पिलं एकमेकांवर चढून गठ्ठा करतात आणि खालची गुदमरून मरतात. पण म्हणून शेड चोवीस तास पडद्यांनी बंद ठेवली तर अमोनिया साठतो, डोळे सुजतात, श्वासाचे आजार येतात. दुपारी पडदे उघडायलाच हवेत.

शेवटी तुम्ही विचारलंय, मग थंडी कमीच पडली तर बरं ना? नाही. आम्हाला कडाक्यापेक्षा ढगाळ, दमट डिसेंबराची भीती जास्त वाटते. तेव्हा द्राक्षावर डावणी आणि भुरी, कांद्यावर करपा हे बुरशीचे रोग, हरभऱ्यावर घाटेअळी असं सगळं एकदम येतं आणि फवारणीचा खर्च आवरत नाही. थंडीच्या रात्री धूर करता येतो, पाणी सोडता येतं. ढगांवर काही करता येत नाही.