मे महिन्यातलं खातं आणि मॉरिशसचं तिकीट

ताई, तुमचं पत्र आधी सरळ वाचलं आणि मग कॅल्क्युलेटर घेऊन पुन्हा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गुहागरजवळ तुमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे, यजमानांची हापूसची नव्वद कलमं आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मॉरिशसला किनारी पर्यटनावर तीन दिवसांची परिषद आहे आणि तिथे तुम्हाला घरगुती निवासावर वीस मिनिटं बोलायला बोलावलंय. नोंदणी आणि तीन रात्रींचं हॉटेल त्यांच्याकडे, विमानाचं तिकीट तुमचं. एकटीचं जाऊन-येऊन ₹४८,०००. एवढं ठरेपर्यंत एजंट म्हणाला, "एवढ्या लांब जाताय तर चौघंही जा." त्याचं सात रात्रींचं पॅकेज ₹३,८०,००० चं. खात्यात ₹४,६०,००० आहेत. त्यातले ₹१,८०,००० घालायचे आणि उरलेल्या ₹२,००,००० साठी १६ टक्क्यांनी २४ महिन्यांचं प्रवास कर्ज काढायचं, किंवा सोन्याच्या पाटल्या बँकेत गहाण ठेवायच्या, असा तुमचा बेत. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली ₹३,००,००० ची ठेव मोडायची नाही, हे तुम्हीच लिहिलंय. बरं केलंत. प्रश्न एकच: परवडेल ना?

एकट्या जा. चौघांचं पॅकेज परवडणार नाही. आता का, ते सांगतो.

कोकणात मे महिन्याच्या शेवटी बँकेचं पासबुक कधी खरं बोलत नाही. आंबा गेलेला असतो, सुट्टीची गर्दी नुकतीच ओसरलेली असते आणि खातं वर्षात कधी नसतं एवढं भरलेलं दिसतं. तुमचे ₹४,६०,००० हे असेच. ते दिसतात मे महिन्यात, पण आहेत ऑक्टोबरपर्यंतचे. दिवाळीची गर्दी सुरू होईपर्यंत त्यांच्यावरच घर चालायचंय.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच जून ते ऑक्टोबर मांडतो. होमस्टेच्या कर्जाचा हप्ता ₹१४,५००, पाच महिन्यांचे ₹७२,५००. राखणदार आणि दोन गड्यांची मजुरी महिन्याला ₹२२,०००, म्हणजे ₹१,१०,०००. घरखर्च महिन्याला ₹१८,०००, ते ₹९०,०००. कलमांची खतं, आळी आणि बेणणी ₹६०,०००. पन्हळी, कौलं, ताडपत्र्या आणि मागच्या पडवीचे पत्रे ₹४५,०००. मुलाच्या बारावीची आणि क्लासची फी ₹४०,०००. गणपती ₹३५,०००, यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे चाकरमानी यायला वेळ आहे, खर्च मात्र तेवढाच. बेरीज ₹४,५२,५००.

खात्यात ₹४,६०,०००. उरतात साडेसात हजार.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, त्यांचे तुम्ही ₹१,२०,००० धरलेत. मी एक लाख धरतो, कारण घाटात दरड आली की शुक्रवारी संध्याकाळीच फोन येतो, "काकू, या वेळी राहू दे." हे धरून तुमच्या हातात खरोखर मोकळे असे ₹१,०७,५०० आहेत. त्यातून पॅकेजसाठी ₹१,८०,००० काढलेत तर खड्डा ₹७२,५०० चा. योगायोग बघा, तुमच्या होमस्टेच्या पाच हप्त्यांची रक्कम नेमकी हीच आहे.

त्यावर प्रवास कर्ज. दोन लाख, १६ टक्के, २४ हप्ते, म्हणजे महिन्याला साधारण ₹९,८०० आणि एकूण व्याज ₹३५,००० च्या घरात. प्रक्रिया शुल्क वेगळं. पहिला हप्ता ऑगस्टमध्ये येणार. ऑगस्टमध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर पाऊस आणि कुत्री सोडली तर कोण असतं?

पाटल्यांवरचं कर्ज याहून स्वस्त पडेल, हे मान्य. पण ऐन मोहोरात तुडतुडा पडला आणि फवारणीसाठी पाटल्या बँकेत गेल्या, तर मी एक शब्द बोलणार नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तशा वेळेसाठी पाटल्या कपाटात असाव्यात. सहलीसाठी नकोत.

पॅकेजबद्दल आणखी एक गोष्ट, जी एजंट सांगत नाहीत. परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घेऊन सरकारला भरायचा आयकर, कापला जातो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर तुमचे पैसे सरकारकडे अडकतात. फक्त विमानाचं तिकीट घेतलं तर ते पॅकेज ठरत नाही. आणि स्वतःसाठी परकीय चलन घेताना वर्षाला दहा लाखांच्या आत असाल तर त्यावरही टीसीएस नाही. एकटीच्या प्रवासात हा विषयच येत नाही.

आता एकटीचा हिशेब. तिकीट ₹४८,०००. मुंबईपर्यंत जाणं-येणं आणि एक मुक्काम ₹६,०००. प्रवास विमा ₹१,५००. परिषदेच्या आधी एक आणि नंतर एक रात्र स्वखर्चाने, ₹१४,०००. तिथलं फिरणं-खाणं ₹१५,०००, आणि भेटवस्तूंना ₹५,०००. एकूण ₹८९,५००. मोकळ्या ₹१,०७,५०० मध्ये बसतं आणि वर अठरा हजार उरतात. फार नाहीत, पण कर्ज नाही.

हे पैसे वसूल होतील का, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. खोलीमागे रात्रीला ₹२,२०० घेता, जेवण, धुणं, वीज जाऊन तुमच्या हातात हजारभर राहतात. म्हणजे नव्वद रात्री एक खोली जास्तीची गेली पाहिजे. चारही खोल्या भरल्या तर बावीस-तेवीस दिवस. परिषदेतून एवढे पाहुणे लगेच येतील असं धरून जाऊ नका. पण मॉरिशसच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. १८३४ पासून तिथे करारावर मजूर नेले गेले, त्यांत मराठी माणसंही होती आणि बरीचशी कोकणातली. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात. तिथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. पोर्ट लुईच्या बंदरात, जिथे हे मजूर उतरवले जात, ते आप्रवासी घाट आता जागतिक वारसा स्थळ आहे. आजोळ शोधत रत्नागिरीकडे येऊ पाहणारं एखादं कुटुंब तुम्हाला तिथे भेटलं, तर त्याला मोठं हॉटेल नको असेल, तुमची पडवी हवी असेल. वीस मिनिटांतली पाच त्यावर बोला.

प्रवासात पैसे गळतात कुठे, ते आता सांगतो.

पहिली गळती आपल्याच जिल्ह्यात. रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडून सकाळी दादर आणि त्याच दिवशी विमान, हा तुमचा बेत मोडा. जुलैमध्ये कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने धावते, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, आणि दरड आली तर तासांचा हिशेब राहत नाही. विमान चुकलं तर ₹४८,००० चं तिकीट जवळपास बुडालंच. आदल्या दिवशी सकाळीच चिपळूणहून निघा आणि मुंबईत नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळ राहा. दोन-तीन हजार जातील, जाऊ देत.

भारतीय पासपोर्टला मॉरिशसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि आयोजकांचं निमंत्रणपत्र छापून पर्समध्ये ठेवा. फोनची बॅटरी नेमकी काउंटरवरच मरते. तिथे भाषण देणाऱ्या पाहुण्याने कोणत्या प्रकारात प्रवेश मागायचा, हे आयोजकांना आत्ताच ई-मेलने विचारून घ्या. त्याच ई-मेलमध्ये आणखी दोन प्रश्न: विमानतळावरून न्यायला गाडी आहे का, आणि वक्त्यांना प्रवासखर्चाची काही मदत मिळते का. मिळत असली तरी न मागणाऱ्याला ती कोणी देत नाही.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि तुमचं हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा. अख्खा देश आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाएवढा आहे, तेव्हा "तीन वेगवेगळ्या हॉटेलांत राहा" या सल्ल्याला भुलू नका; एका ठिकाणी राहून सगळं बघून होतं. बस स्वस्त आहेत, पण संध्याकाळी लवकर बंद होतात. जुलै म्हणजे तिथला हिवाळा, सहाच्या आत अंधार पडतो. एक स्वेटर घ्या. आपण कोकणातले लोक बेट म्हटलं की सुती कपडे भरतो आणि मग तिथल्या दुकानात दुप्पट दराने जॅकेट घेतो.

कार्डाचा भाग नीट वाचा. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशात साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचं जादा शुल्क, लागतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. ₹३०,००० खर्चलेत तर ₹१,२३९ नुसते असेच गेले. त्यापेक्षा फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरलेलं) आणि थोडे रोख डॉलर किंवा युरो बरे. फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे सुरू झालंय, पण प्रत्येक टपरीवर चालेल असं धरू नका.

आणि मशीनवर "भारतीय रुपयांत भरायचं की स्थानिक चलनात?" असं विचारलं तर कायम स्थानिक चलन. श्रीलंकेत एका दुकानात मी सुटकेचा नि:श्वास टाकत भारतीय रुपये निवडले होते, आकडा ओळखीचा वाटला म्हणून. घरी येऊन बिल पाहिलं तर दुकानाच्या मशीनने स्वतःचाच दर लावला होता, बाजारापेक्षा चांगला पाच टक्के महाग. तेव्हा मला हा धंदा करून अकरा वर्षं झाली होती. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

हापूसची पेटी नेऊ नका, मोह होईल तरीही. ताजी फळं, रोपं, बिया तिथे परवान्याशिवाय नेता येत नाहीत. पाकीटबंद आंबापोळी न्यायची असेल तर विमानतळावर विचारण्याआधीच सांगून मोकळ्या व्हा. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. तिथले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे. ॲडॉप्टर मुंबईतच घ्या. समुद्र आपल्याला कोणी शिकवायला नको, पण तिथे प्रवाळावर अनवाणी चालू नका. दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो, काटा लागला तर दवाखान्याचं बिल परकीय चलनात येतं. विमा घेतोय तो त्यासाठीच.

करासाठी: तुमचं तिकीट आणि हॉटेल हा धंद्याचा खर्च आहे, बिलं आणि निमंत्रणपत्र एकाच फाइलमध्ये ठेवा. मात्र तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने (उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून) रिटर्न भरत असाल, तर तो खर्च वेगळा दाखवायला जागा नाही. तुमच्या सीएंना एक फोन करा.

सासूबाई म्हणतात, "एवढ्या लांब एकटी कशाला?" त्यावर माझ्याकडे आर्थिक सल्ला नाही. फक्त ₹८९,५०० आणि ₹३,८०,००० हे दोन आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांना दाखवा. मुलांना वाईट वाटेल, खरंय. पण जुलैमध्ये आठवडाभर बारावीचा क्लास बुडवून त्याला नेणं हेही मला पटत नाही. पुढच्या वर्षी ॲडमिशन पार पडली की चौघांसाठी बघू. तोवर प्रत्येक भरलेल्या खोलीमागे रात्रीचे शंभर रुपये वेगळ्या खात्यात टाकत चला.

सगळ्यात आधी मात्र कपाट उघडा. पासपोर्ट सप्टेंबर २०१६ मध्ये, बहिणीकडे दुबईला जाताना काढला, असं पत्रात ओझरतं लिहिलंयत. म्हणजे तो या सप्टेंबरला संपतो. प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने मुदत शिल्लक असावी, असा आग्रह काउंटरवर धरला जातो. नूतनीकरणाला साधे ₹१,५००, तत्काळला ₹३,५००. ही रक्कम मी वरच्या हिशेबात धरलेली नाही. उरलेल्या अठरा हजारांतून काढा, आणि तिकीट नवा पासपोर्ट हातात आल्यावरच, त्याच्या नंबरावर घ्या.