वाचकांचे प्रश्न : सोसायचं म्हणजे गप्प बसायचं का?

प्रश्न : आदरणीय बाई, सादर नमस्कार. निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाला आमचं शेत आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत उभा ऊस कुजला. सोसायटीचं कर्ज अजून फिटलेलं नाही, त्यात यंदा वडील गेले. भेटायला येणारा प्रत्येकजण ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणून जातो. मला राग येतो. तत्त्वज्ञान म्हणजे एवढंच का? रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला गेलो की बांधावर रडू येतं. आईसमोर रडता येत नाही. मी खचलोय का?
— एक शेतकरी

उत्तर : तुझा राग रास्त आहे. ही ओळ ज्याची, त्याच्या घरात काय घडलं होतं ते ठाऊक नसताना दुसऱ्याच्या दारात ती म्हणणं फार सोपं असतं. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला, धंदा बसला. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी लोकांकडून येणं असलेली कर्जखतं काढली, भावाचा अर्धा वाटा भावाला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. याला गप्प बसणं कोण म्हणेल? आपलं काय नि दुसऱ्याचं काय, हे त्यांनी ऐन दुःखात चोख वेगळं केलं.

एपिक्टेटस हा जुन्या रोमन काळातला तत्त्वज्ञ हेच शिकवायचा. गुलाम म्हणून वाढलेला, पायानं अधू. बादशहानं रोममधून तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा निकोपोलिसला जाऊन त्यानं शिकवणं चालू ठेवलं. देह, मालमत्ता, लोकांचं बोलणं आपल्या ताब्यात नाही. काय खरं मानायचं आणि कशासाठी झटायचं ते आपल्या ताब्यात आहे, असं तो सांगे. तू एका वहीत हे उतरवून काढ. वेदगंगेवरच्या पाटगाव धरणाच्या वर किती पाऊस पडेल ते तुझं नाही. वडिलांच्या नावचा उतारा वारसांच्या नावावर करून घेणं तुझं आहे. कर्जाची मुदत वाढवून मागणारा अर्ज कन्नडमध्ये कुणाकडून तरी नीट लिहून घेणं आणि त्याची पोच घेणं, हेही तुझंच. अर्ज मंजूर होईल का, ते मात्र पुन्हा तुझं नाही. इथं एपिक्टेटस फार कडक आहे, आणि मला तो इथंच सर्वांत जास्त पटतो, कारण निकालाची धास्ती घेऊन बसलेला माणूस अर्जच लिहीत नाही. नदीलगतच्या खालच्या पट्टीत पुन्हा ऊसच लावायचा का, हाही प्रश्न वहीत मांड. त्याचं उत्तर शेजाऱ्यानं काय लावलंय यावरून ठरवू नकोस.

आता रडण्याचं. मार्कस ऑरेलियस पुढं रोमचा बादशहा झाला, स्टोइक म्हणून, म्हणजे एपिक्टेटसच्याच पंथातला म्हणून, आजही त्याचंच नाव आधी घेतात. तरुणपणी त्याचा शिक्षक वारला तेव्हा तो रडू लागला आणि राजवाड्यातले नोकर त्याला आवरायला धावले. तेव्हा त्याला दत्तक घेणारा अँटोनिनस पायस त्यांना म्हणाला की, त्याला माणसासारखं राहू द्या. तत्त्वज्ञान किंवा सत्ता माया पुसून टाकत नाही. म्हणून बांधावर रडलास ते कमकुवतपणाचं लक्षण मुळीच नाही. उलट, एकदा आईजवळ बसून रड. तिलाही तुझ्यासमोर रडता येत नसेल.

रात्री पाण्याची पाळी असते तेव्हा तुला निवांत वेळ मिळतो. सेनेका हा रोमचा आणखी एक स्टोइक दिवा मालवल्यावर, बायको गप्प झाल्यावर दिवसभराचा हिशेब घ्यायचा : आज कुठे चुकलो, कुठे सावरलो. आणि स्वतःला तो माफही करायचा. हा भाग लोक विसरतात. तूही तेवढंच कर, जास्त उकरत बसू नकोस.

पण एक गोष्ट तत्त्वज्ञानावर सोडू नकोस. झोप अजिबात लागेना, जेवण जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तुला किंवा आईला, तर त्याच दिवशी १४४१६ वर फोन कर. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालते. वारसा नोंदीचं काय झालं ते मला जरूर कळव.