मिनिमम भरता, म्हणजे नक्की काय भरता?

प्रश्न: वय 36, नाशिकला खासगी नोकरी, हातात 72 हजार पगार. पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघितलाय, 40 लाखांचं गृहकर्ज हवंय. सिबिल स्कोअर (उधारी किती नीट फेडता याचे गुण) 691 आला. एक एजंट 15 हजारांत महिन्याभरात 750 करून देतो म्हणतो. द्यावेत का? क्रेडिट कार्डावर 1 लाख 80 हजार बाकी आहेत (लिमिट 2 लाख), पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) एकदाही चुकवलेलं नाही. मनीबॅक विमा पॉलिसीचा 60 हजारांचा हप्ताही त्याच कार्डावर जातो, पाच हप्ते झाले. अडीच लाखांची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही.

उत्तर: देऊ नका. खरी नोंद कोणताच एजंट पुसू शकत नाही. चुकीची नोंद असेल तर सिबिलकडे स्वतः तक्रार करा, फुकट होते. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये उलट तुम्हालाच मिळायला हवेत. एजंटचा विषय संपला.

मी अडकलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी. एफडीला हात का लावायचा नाही? कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. 1 लाख 80 हजारांवर 6,300, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास साडेसात हजार. मिनिमम ड्यू पाच टक्के धरलं तर 9 हजार. म्हणजे इमानेइतबारे 9 हजार भरून मुद्दल फिटतं दीड हजार! शिवाय बाकी असलेल्या कार्डावर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज पेट्रोल भरलं की आजपासून मीटर सुरू. वर्षाला 90 हजारांच्या घरात जातात. आणि अख्खी एफडी सात टक्क्यांनी देते साडेसतरा हजार, त्यातही कर.

स्कोअरही इथेच अडलाय. मिनिमम वेळेवर भरलंत म्हणून थकबाकीदाराचा शिक्का बसला नाही, एवढंच. लिमिटचे 90 टक्के कायम वापरलेले दिसतात, आणि असा माणूस उसनवारीवर जगतोय असाच अर्थ काढला जातो. वापर 30 टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात, तो यासाठी.

एफडी मोडा, या आठवड्यातच. मुदतीआधी मोडल्याचे फार तर दोन-अडीच हजार जातील. कार्ड तेवढे दहा दिवसांत खातं. पूर्ण बाकी भरा. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल, तेही भरा. उरलेले सत्तर हजार अडीअडचणीला ठेवा. कार्ड मात्र बंद करू नका, जुना इतिहास कामाला येतो.

बँका आता सिबिलला महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवतात, त्यामुळे फरक एक-दोन महिन्यांत दिसेल. 750 होईलच असं मी म्हणणार नाही, ते धंदे एजंटचे. पण स्कोअर सुधारेपर्यंत गृहकर्जासाठी थांबा, चांगल्या स्कोअरला व्याजदर कमी मिळू शकतो. 40 लाखांवर 20 वर्षांत अर्धा टक्का म्हणजे महिन्याला 1,300, एकूण तीन लाख. बिल्डरची ‘या महिन्यापुरती’ ऑफर दसऱ्याला येते, पाडव्याला पुन्हा येते. तोवर पाच बँकांत अर्ज टाकत फिरू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते.

राहिली मनीबॅक. या पॉलिसी पाच-साडेपाच टक्के देतात, आणि तिचा हप्ता तुम्ही 42 टक्क्यांच्या उधारीवर भरताय. कोणी शिकवलं हे? पॉलिसी पेड-अप करता येईल का (म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू) ते विचारा, पण थेट विमा कंपनीच्या शाखेत जाऊन. ज्याने गळ्यात मारली त्याला नको.