टास्मानियात कॅरॅव्हॅन घेऊन चाललोय, पोर्ट आर्थर (इंग्रजांनी समुद्रापार धाडलेल्या कैद्यांचा जुना तुरुंग) बघणारच आहोत, मग वाटेतल्या रॉस गावात थांबण्यात काही अर्थ आहे का?

आहे. आणि नुसतं पाय मोकळे करायला नका थांबू, रात्रीचा मुक्काम करा.

आम्ही मेलबर्नला राहतो. दोनेक वर्षांपूर्वी ईस्टरच्या सुट्टीत 16 फुटी सेकंडहँड कॅरॅव्हॅन मागे लावून गेलो होतो, मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेली माझी आई. आमच्याही प्लॅनमध्ये रॉस म्हणजे फक्त चहा आणि बाथरूम एवढंच होतं. लॉन्सेस्टनहून ऐंशीएक किलोमीटर आणि होबार्टला अजून जवळपास 120, त्यामुळे बहुतेक लोक असंच करतात, बेकरीत पाय (pie, आत सारण भरून भाजलेला पदार्थ) खातात, पुलाचा एक फोटो काढतात की निघाले. आमचं त्या दिवशी निघायलाच उशीर झाला होता, आणि संध्याकाळ झाली की तिथे रस्त्यावर वॉलबी (छोटे कांगारूच) उड्या मारत येतात, मागे दीड टन घेऊन अंधारात ब्रेक मारायची हौस मला नाही, म्हणून नदीकाठच्या कॅरॅव्हॅन पार्कात जागा मिळाली तिथे राहिलो. पूल तिथून चालत दोन मिनिटांवर. नशीबच म्हणायचं.

पुलाबद्दल आधी सांगतो कारण गावाचा जीव तिथे आहे. 1836 चा, सँडस्टोनचा, तीन कमानींचा, पूर्ण कैद्यांनी बांधलेला, आणि अजून त्यावरून गाड्या जातात. वरून गेलात तर काहीच कळणार नाही, साधा जुना दगडी पूल. खाली उतरायचं, अगदी पाण्याजवळ. कमानींच्या दगडांवर एकूण 186 कोरीव नक्षी आहेत, पानं, वेली, जनावरं आणि मधूनच माणसांचे चेहरे. डॅनियल हर्बर्ट आणि जेम्स कोलबेक हे दोघे पाथरवट, दोघेही शिक्षा होऊन आलेले. काम आधी बरीच वर्षं रेंगाळलं होतं, ह्या दोघांकडे दिल्यावर मार्गी लागलं आणि त्या बदल्यात दोघांना माफी मिळाली. पण पूल उभा करायला नक्षी लागत नाही ना! नुसते चौकोनी दगड बसवले असते तरी सुटका झालीच असती. हर्बर्ट मात्र एकेका दगडावर काहीतरी वेगळं काढत बसलाय, एक चेहरा तर असा आहे की नाक झिजून गेलंय पण गाल फुगवल्यासारखे अजून तसेच, आमची मुलगी त्याच्यासमोर तसेच गाल फुगवून उभी राहिली. तिने सगळे मोजायला घेतले होते, चाळिसाच्या आसपास नाद सोडला. मुकुट घातलेला एक चेहरा यॉर्गन यॉर्गनसनचा आहे असं म्हणतात. हा डॅनिश गडी 1809 मध्ये उन्हाळाभर आइसलँडचा राज्यकर्ता होऊन बसला होता, नंतर इंग्रजांनी कैदी म्हणून इकडे पाठवला आणि पुढे रॉसला चक्क पोलिसात होता. असली माणसं कादंबरीत लिहिली तर आपण लेखकाला हसू.

एक टिप, आपल्या डोक्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तिथे उलटं, ऊन पुलाच्या उत्तरेकडच्या बाजूवर पडतं. सकाळी लवकर त्या बाजूने बघा, तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. भर दुपारी सगळं सपाट वाटतं.

गावचा चौक गमतीशीर आहे. चार कोपऱ्यांना नावं आहेत: मोह, मौज, मोक्ष आणि नरक. म्हणजे अनुक्रमे हॉटेल (दारूचं), टाउन हॉल, चर्च आणि जुना तुरुंग. आई म्हणाली एकाच चौकात सगळी सोय आहे की. चर्च स्ट्रीटला दोन्ही बाजूंनी एल्मची जुनी झाडं आहेत, एप्रिलमध्ये सगळी पिवळी होतात. बेकरीत स्कॅलॉप पाय मिळतो, स्कॅलॉप म्हणजे आपल्या तिसऱ्यांचा थोरला भाऊ समजा, आणि आत चक्क करी पावडरची ग्रेव्ही. आईची नेमकी चतुर्थी होती, ती बिचारी केळी शोधत फिरली.

केळी का शोधावी लागली ते पण ऐका. टास्मानिया बेट आहे, गाडी बोटीवर चढवून न्यायची, आणि बोटीवर ताजी फळं, भाज्या काहीही नेता येत नाही, टास्मानियाचा क्वारंटाइन फार कडक आहे. बोट हल्ली मेलबर्नहून नाही, जिलाँगहून सुटते. आईने कोथिंबीर, मिरच्या आणि घरच्या झाडाचा कढीपत्ता पेपरात गुंडाळून फ्रिजच्या तळाशी ठेवला होता, मला पत्ता नाही! चढायच्या आधी सगळं पिंपात टाकलं, कढीपत्ता टाकताना तिचा चेहरा बघवत नव्हता. तर फ्रिज रिकामा करून जा आणि गॅसच्या बाटल्या बंद करून जा, भाजी तिकडे मस्त मिळते.

आता ती जागा जिच्यासाठी मी मुक्काम करा म्हणतोय. गावाच्या कडेला फीमेल फॅक्टरी होती, 1848 ते 1854. नाव फॅक्टरी, पण होता बायकांचा तुरुंग. इथून त्यांना आसपासच्या शेतकऱ्यांकडे, मेंढपाळांकडे घरकामाला धाडायचे. मालकाच्या घरून बाई गरोदर होऊन परत आली तर शिक्षा तिलाच. आज तिथे एक कॉटेज आहे, आत जुन्या इमारतींचं छोटं मॉडेल, आणि बाहेर नुसतं गवत. जमिनीत उंचसखल रेघा दिसतात, त्या भिंतींच्या खुणा. एकांतवासाच्या कोठड्या होत्या तिथे उत्खननात चिलमींचे आणि बाटल्यांचे तुकडे सापडलेत, म्हणजे एवढ्या पहाऱ्यातूनही बायका तंबाखू आणि दारू आत आणत होत्या. पोर्ट आर्थरला गाइड असतो, बोर्ड असतात, गर्दी असते. इथे आम्ही चौघं आणि कुंपणापलीकडे मेंढ्या. आईने मॉडेलमधल्या एका खोलीवर बोट ठेवून विचारलं, ही कसली? मी वाचून सांगितलं, बाळांची. मग ती बाहेर जाऊन त्या गवतात नेमकी कुठे असेल ते शोधत राहिली बराच वेळ.

परत येताना ती म्हणाली हे म्हणजे काळं पाणीच की. मी आधी नाही म्हणालो, अंदमान वेगळं, इथे बरेचसे भुरटे चोर, सात नाहीतर चौदा वर्षांची शिक्षा, सुटल्यावर तिथेच संसार थाटायचे. पण शिक्षा म्हणून माणूस उचलून समुद्रापार टाकायचा ही रीत त्याच सरकारची. टास्मानियात कैदी आणणं 1853 मध्ये थांबलं आणि 1858 मध्ये अंदमानात वसाहत सुरू झाली, तारखा बघितल्यावर मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी घाई नसेल तर उत्तरेला दहा मिनिटांवर कॅम्पबेल टाउन आहे तिकडे जाऊन या, कॅरॅव्हॅन रॉसलाच ठेवून. तिथे फुटपाथवर विटांची रांग आहे, एकेका विटेवर एकेका कैद्याचं नाव, वय, जहाज, गुन्हा आणि शिक्षा. मुलं असतील तर तास सहज जातो, आमची मोठ्याने वाचत पुढे आणि आई मागून प्रत्येकाला "किती वर्षं?" विचारत.

आणि हो, रात्री थंडी भयंकर पडते, आम्ही एप्रिलमध्ये दोन दोन रजया घेऊन झोपलो. मे ते ऑगस्ट जाणार असाल तर कॅरॅव्हॅनचा हीटर घरीच चालू करून बघा आणि पॉवर असलेली साइट बुक करा.