हम्प्टा पासला (हिमाचलमधली मनालीजवळची खिंड) गावाकडून (यवतमाळ) जायचं तर किती दिवस काढावे, कधी जावं?

अकरा दिवस काढा आणि पोळा आटोपल्यावर, सोयाबीन सोंगणीला यायच्या आधी, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा. हिशोब असा: नागपूर-दिल्ली-मनाली जाण्यायेण्याचे चार, मनालीत मुक्कामाचा एक, चालण्याचे पाच (जोबरा, चिका, बालू का घेरा, शिया गोरू, छत्रू) आणि एक राखीव. मनालीतला मुक्काम वाचवायचा मोह बहुतेकांना होतो, तिथंच गडबड होते. आपली गावं तीन-चारशे मीटरवर, मनाली दोन हजारांवर आणि खिंड जवळपास ४,२७० मीटर. चिखलदऱ्याला चढून पाय तयार होतात, पण विरळ हवेची सवय तिथं होत नाही. डोकं दुखून मळमळायला लागलं तर त्या दिवशी वर चढू नका. त्रास वाढला तर सरळ खाली उतरा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरला विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा.

बूट महिनाभर आधी घालून पायाला रुळवा, निघताना पायाची नखं कापा. खिंडीपलीकडची उतरण तीव्र आहे, अंगठे बुटाच्या टोकाला आदळतात. शिया गोरूचा ओढा पहाटेच ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. एक मात्र आहे, पाऊस लांबला तर दरड कोसळून रस्ता अडतो, म्हणून राखीव दिवस परतीसाठीच ठेवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.