प्रवासात आधी पोटोबा

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघं दोन रात्रींसाठी इंदूरला चाललो आहोत. भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर खाण्याच्या जागांची भलीमोठी यादी पाठवली आहे. ती वाचूनच पोट भरलं. यातलं नेमकं काय खावं?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : यादी बाजूला ठेवा. इंदुरात जागांपेक्षा वेळा सांभाळाव्या लागतात. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी दाल-बाफले, संध्याकाळी छप्पन दुकान ही खाण्याच्या दुकानांची रांग, रात्री सराफा. एवढा क्रम पाळलात तर कोणाला पत्ता विचारायचीही गरज नाही, गर्दीच तुम्हाला नेऊन सोडते.

पोहे खाताना घरच्या पोह्यांची आठवण काढू नका. आपण ते फोडणीवर परततो आणि झाकण ठेवून एक वाफ काढतो. तिथे खाली पाणी उकळत असतं आणि वरच्या परातीत पोहे तासन् तास वाफेवर असतात, म्हणून उशिरा येणाऱ्यालाही मऊच मिळतात. त्यात बडीशेप असते आणि साखर चांगली जाणवेल इतकी असते. वाढताना वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू, कधी डाळिंबाचे दाणे आणि शेवटी जिरावन. हा माळव्यातला आंबटसर, काळ्या मिठाचा मसाला. त्याची पुडी घरी आणाच. पेरूवर भुरभुरा, उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरा, महिन्याभरात संपते. पोह्यांचा घास आणि जलेबीचा तुकडा आलटून पालटून खायचा. यावर नाक मुरडणारे बरेच पुणेकर मी पाहिले आहेत आणि त्यांनाच दुसरी प्लेट मागवतानाही पाहिलं आहे.

बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी पाण्यात उकडून मग भाजलेला आणि तुपात बुडवलेला. ज्या दुपारी तो खाल त्या दुपारी राजवाडा, लालबाग पॅलेस वगैरे काही ठरवू नका. झोपा. रात्र जागवायची आहे.

सराफा राजवाड्याला लागूनच आहे. सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच पुढ्यात खाण्याचे ठेले लागतात. नऊला गेलात तर मांडामांड दिसेल, खरा रंग दहानंतर. डिसेंबरात जाताय म्हणून सगळ्यात आधी गराडू खा, कारण तो फक्त थंडीत मिळतो. हा एक कंद. सोलून त्याचे तुकडे आधी एकदा तळून ठेवलेले असतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत पडतात. मग मसाला आणि वर दणदणीत लिंबू. कडा कुरकुरीत, आत पिठूळ. गरम असतानाच खायचा, फोटो काढत बसलात की तो चिवट होतो. त्यानंतर भुट्टे का कीस, म्हणजे किसलेलं कणीस दुधात शिजवून मोहरी-मिरचीच्या फोडणीवर परतलेलं. खोपरा पॅटीसमध्ये बटाट्याच्या आत ओल्या खोबऱ्याचं सारण असतं. शिकंजी लिंबाचं सरबत समजून दोन मागवू नका. ती दुधा-दह्याची, केशर आणि सुकामेवा घातलेली आणि चमच्याने खावी इतकी दाट असते. जलेबा, म्हणजे थोरली जलेबी, दोघांत एकच घ्या. खरं तर दोघांत सगळंच एकच घ्या, म्हणजे दहीवड्यापर्यंत पोचाल.

गाव होळकरांचं, त्यामुळे उपासाचा दिवस आला तरी घाबरायचं कारण नाही. साबुदाण्याची खिचडी सराफ्यात मध्यरात्रीही मिळते. ती उपासाची उरते का, हा प्रश्न मात्र वरची शेव बघून तुमचा तुम्हीच सोडवा.

प्रश्न : वाढदिवसाला एका बऱ्यापैकी हॉटेलात गेलो होतो. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. मॅनेजर म्हणाला, तो द्यावाच लागतो. खरं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. शांतपणे ‘हा काढून द्या’ म्हणायचं. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जीएसटीवर वाद घालू नका, तो सरकारचा कर आहे. साध्या हॉटेलात पाच टक्के, बड्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये अठरा. आणि चार्ज काढून घेतलात म्हणून वाढणाऱ्या पोराच्या हातावर काही न ठेवता उठू नका, हे सांगायला नकोच.

प्रश्न : काकू, मी ऑडिटच्या कामासाठी गावोगावी जाते. वय २६. एकटीने हॉटेलात बसून जेवायचा संकोच वाटतो म्हणून पार्सल मागवून लॉजवर खाते. दर वेळी वाटतं की गावात येऊन गावाचं जेवलेच नाही.
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : पार्सल बंद कर. रबर लावलेल्या पिशवीतून आलेला पांढरा रस्सा लॉजच्या स्टीलच्या ग्लासात ओतून प्यायचा, याला जेवण म्हणत नाहीत.

माझी नोकरी बँकेच्या इन्स्पेक्शनची. ऐंशीच्या दशकात एकटी बाई हॉटेलात शिरली की गल्ल्यावरचा माणूस आधी तिच्या मागे बघायचा, सोबत कोण आहे म्हणून. कोणी नाही म्हटल्यावर ‘ताई, फॅमिली रूममध्ये बसा’ ठरलेलं. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचा आडोसा, मळकट पडदा, कुरकुरणारा पंखा. एकदा आत गेलं की वाढपी तुम्हाला विसरायचा. कोल्हापुरात एका खानावळीत मी सरळ सांगितलं, मी बाहेरच बसते, मला दर पाच मिनिटांनी रस्सा लागणार आहे. मालक हसला आणि गल्ल्यासमोरचं टेबल पुसायला सांगितलं. पुढे त्या गावात कधीही गेले तरी तेच टेबल मिळालं.

ते जेवण कसं जेवायचं तेही सांगते, कारण कोल्हापूरला तुला कधी ना कधी जावं लागणारच. ताटात मटण मोजकं असतं, रस्से हवे तितके. पांढरा आधी. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस आणि अख्खा गरम मसाला, मिरचीचा लाल रंग कुठे नाही. तो वाटीनेच प्यायचा, भाकरी बुडवायची नाही. मग तांबडा, त्यात भाकरी कुस्करायची. कोल्हापूरबाहेरची माणसं समजतात तसा तो जाळ नसतो. चांगल्या तांबड्यात तिखटाच्या आधी मटणाची चव लागते. तिखटाने डोळ्यांत पाणी आणि चव काहीच नाही, असं असेल तर तो पर्यटकांसाठी केलेला आहे. सुक्क्याचा शेवटचा तुकडा भातासाठी राखून ठेव. भातावर पुन्हा पांढरा.

संकोच दोन-चार जेवणांत जातो. एकट्या माणसाला जास्त नडतो तो प्लेटचा आकार. मेन्यूकार्डवरची भाजी तिघांची, डाळ तिघांची, मग माणूस कंटाळून नुसता फ्राइड राइस मागवतो. म्हणून एकटीने ताट मिळतं तिथे जायचं. खानावळ, थाळी, मेस. तिथे एका माणसाचं जेवण पूर्ण असतं. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, जळगावात हिवाळ्यात भरीत-भाकरी, एरवी शेवभाजी. मडगावात फिश करी राइस, बाजाराजवळच्या कुठल्याही लहान जागी, दुपारी एकच्या आत. दोननंतर किस्मूर, म्हणजे सुक्या मासळीचं तोंडीलावणं, संपलेलं असतं.

भिंतीला पाठ लावून आणि गल्ला दिसेल असं बस. रात्री साडेसात-आठलाच जेवून घे. आणि फोन पर्समध्ये ठेव. वाढणाऱ्याची नजर तुझ्याकडे वळते तेव्हा तुझी त्याच्याकडे हवी, नाहीतर गरम भाकरी पलीकडच्या टेबलावर जाते.

प्रश्न : जुलैत सलग सुट्टी मिळते आहे. मालवणला जाऊन मनसोक्त मासे खायचा बेत आहे. कुठे खावेत?
— एक वाचक, संभाजीनगर

उत्तर : बेत चांगला, महिना चुकला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसुद्धा बंद. मेन्यूवर सुरमई-पापलेट दिसेल, पण ती बहुतेक बर्फातली. एवढ्या लांब जाऊन बर्फातली सुरमई खायची असेल तर ती तुमच्या गावातही मिळते. मासेच हवे असतील तर नारळी पौर्णिमेनंतर जा.

जुलैतच जायचं असेल तर मात्र जाच, फक्त ताट बदला. कोंबडी-वडे भर पावसात जसे लागतात तसे मे महिन्याच्या घामात लागत नाहीत. वडे तव्यावर नाही, कढईतच फुगलेले हवेत आणि टेबलावर एकेक येत राहिले पाहिजेत. सगळे एकदम आणून ठेवणाऱ्या जागी पुन्हा जाऊ नका. आषाढात बरेच जण श्रावणाआधीचं उरकून घेत असतात, त्यामुळे कोंबडीची आबाळ होणार नाही. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर सुक्या बांगड्याचं किस्मूर मिळेल, खोबरं-कांदा-कोकम घालून चुरलेलं. एका ताटात त्याचा एवढासा ढीग असतो आणि भात मात्र दुप्पट जातो. बरोबर शाकाहारी कोणी असेल तर काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे. ती तडजोड नव्हे, मी स्वतः कोंबडी बाजूला सारून ते खाल्लं आहे. टाकळा, फोडशी या रानभाज्याही तेव्हाच.

प्रश्न : आम्ही ग्रुप टूरने इटलीला जातोय. रोज रात्री इंडियन डिनर आहे म्हणे. यांना ते हवंच आहे, शिवाय मेतकूट, थेपले, पेढे, साजूक तूप अशी बॅग भरली आहे. मला तिथलं खायचं आहे. भांडण होणार असं दिसतंय.
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : पेढे आणि तूप काढून ठेवा. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. थेपले, मेतकूट राहू द्या, बसच्या लांब पल्ल्यात तुम्हीच मागाल.

रात्रीचं पनीर त्यांना, दुपार तुम्हाला. बऱ्याच टूरमध्ये दुपारचं जेवण आपलं आपण असतं, ते नीट वाचून घ्या. रोममध्ये पिझ्झा वजनावर विकतात. मोठ्या आयताकृती तव्यातला पिझ्झा समोर असतो, कुठपर्यंत कापायचा ते बोटाने दाखवायचं, माणूस कात्रीने किंवा सुरीने कापतो, तोलतो, गरम करून देतो. भाषा लागत नाही. शाकाहारी असाल तर मरिनारा मागा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीजही नाही. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दुधाला विरजणासारखं घट्ट करणारा पदार्थ) घालून करतात, हे ज्यांना चालत नाही त्यांना आधीच सांगून ठेवा, खाऊन झाल्यावर नको.

कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायची. टेबलावर बसलात की त्याच कपाची किंमत वाढते, आणि पर्यटकांच्या चौकात तर फारच. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ दिसेल, ती फसवणूक नव्हे, बसण्या-पावाची तिथली रीत आहे. जिलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, घेताना पिस्त्याकडे बघा. भडक हिरवा आणि डोंगरासारखा रचलेला असेल तर पुढे चला, मळकट हिरवा, झाकणाच्या डब्यातला असेल तर थांबा. यांनाही एक द्या. जिलातोवरून भांडलेलं जोडपं मी अजून पाहिलेलं नाही.

प्रश्न : वडील ८० वर्षांचे आहेत. डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये बसून ऑम्लेट खायची त्यांची इच्छा आहे. अजून ते असतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : असतं. १ जून १९३० ला गाडी सुरू झाली. २०२२ मध्ये डबे नवे आले तरी टेबल-खुर्च्यांची डायनिंग कार ठेवली आहे. एका वेळी चाळीसेक माणसं बसतात. सकाळी पुणे सुटल्या सुटल्या जागा धरायला तुम्ही पुढे जा, वडिलांना मागून सावकाश आणा. शक्य तर तिकीट जवळच्या डब्यातलं काढा, हलत्या गाडीत चार डबे चालवू नका. खाणं झालं की उठावं लागतं, तिथे मुंबईपर्यंत ठाण मांडता येत नाही. ऑम्लेट, कटलेट, टोस्ट, जे मागवायचं ते लोणावळ्याच्या आधी सांगा, म्हणजे घाट लागेल तेव्हा प्लेट पुढ्यात असेल. चहा मात्र घाट उतरल्यावरच मागवा, खंडाळ्याच्या वळणांवर अर्धा कप बशीत जातो.